दुसऱ्या एल्सीची राखण

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी नातीचे पोहण्याचे टॉग्ज दोरीवर वाळत घालत होते. "आई, जीन गेली," लेक म्हणाली. आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "एल्सी बरी आहे ना?" विहीण गेल्याचं ऐकून मी नातीची चौकशी करत होते… जीनने मला नावं ठेवली नसती. तिनेही तेच विचारलं असतं.

परदेशात, इथे रोटोटुनाला, मी आले ती लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला. ती मुलगी जन्मली त्याच दिवशी गेली. जीनच्या पणजीचं नाव तिला ठेवलं होतं, एल्सी. लेक-जावई गप्प झाले आणि जावयाची आई, जीन, स्कॉटलंडमधल्या आपल्या पूर्वजांच्या मागे लागली. तिकडच्या गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लिहून ठेवलेली. त्या जुन्या पानांचे फोटो ती कॉम्प्युटरवर उघडायची. तिची नजर अधू, म्हणून भिंग घेऊन अक्षर लावायला शेजारी मी. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे चौसष्टची. जन्मभर पुण्यात विज्ञान शिकवून आलेली, ज्याला त्याला 'कारण सांगा' म्हणून दटावणारी शहाणी!

मुग्धाला पुन्हा दिवस गेले, तेव्हाच आम्हाला जीनची पणजी सापडली. पण एक नाही, दोन. आईबाप तेच, नाव तेच, बाप्तिस्मे मात्र वेगळ्या वर्षांचे. मी लगेच निकाल दिला, "लिहिणाऱ्याचा घोळ आहे." जीनला पटेना. ती पानं चाळत राहिली आणि शेवटी दफनांमध्ये तिला एक तान्हं मूल सापडलं.

"शुभा, पहिली एल्सी गेली म्हणून दुसरीला तेच नाव ठेवलं. तिकडे रीतच होती तशी, आजीचं नाव पुढे चालायला हवं ना! आणि ही दुसरी बघ… म्हातारी होऊन गेली. आम्ही सगळे तिचे."

तिचा चेहरा उजळला. पुढचं वाक्य मला दिसत होतं.

"मुलगी झाली तर एल्सीच."

"अजिबात नाही!" विज्ञानाच्या बाई किंचाळल्या. "गेलेल्या लेकराचं नाव? यमाला घर दाखवतेस होय? आमच्याकडे आधीची मुलं गेली की पुढच्याला धोंडू म्हणतात. माझे काका धोंडूच. यमाला वाटावं, दगड आहे, कशाला उचला!"

जीन हसता हसता डोळे पुसायला लागली. "तुम्ही त्याला फसवता. आम्ही त्याला सांगतो, नाव आमचं आहे, सोडणार नाही."

लेक-जावयांनी एल्सीच ठरवलं. पुढचे महिने मी लेकीच्या सुजलेल्या पायांना घाबरले, फोनच्या घंटीला घाबरले, ती जरा जास्त वेळ झोपली तरी घाबरले. मुलगी सुखरूप आली. जावयाला बहीण नाही, म्हणून बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मान मला मिळाला. मी 'एल्सी' म्हटलं आणि वर हळूच 'धोंडी'. पाळण्यापलीकडून जीनने डोळे बारीक केले.

"ते दुसरं काय म्हणालीस?"

"आशीर्वाद."

"थापा!" म्हणाली, आणि खरं काढून घेतलंच.

एल्सी दुडूदुडू चालायला लागली होती, तेव्हा छातीत कफ भरून तिला हॉस्पिटलात ठेवलं. कॉटच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला जीन. मी काय पुटपुटत होते ते वेगळं सांगायला नको. पण पलीकडूनही ऐकू आलं… "डोंडी, डोंडी…" गळ्यातल्या भिंगाची दोरी जपमाळेसारखी तिच्या बोटांतून फिरत होती. मी मान वर केली नाही. तिनेही नाही.

मग ते नेहमीचंच झालं. एल्सी शिंकली की मी म्हणायची आणि जीन आपल्या हिरव्या खुर्चीतून साथ द्यायची.

ती खुर्ची आता आमच्याकडे आहे. परवा एल्सी शाळेतून खोकतच आली आणि पांघरूण घेऊन तिच्यात जाऊन बसली. मी सवयीने म्हटलं, "धोंडी." आणि साथीसाठी थांबले… माझ्या एकटीच्या राखणीवर माझा भरवसा नाही.

"डोंडी," डोळे न उघडताच एल्सी म्हणाली. मग एक डोळा उघडून, "ग्रॅनचं मी म्हणते, आजी. यू डू युवर्स."