मागचा हात सैल

माझा मेहुणा जहाजावर नोकरीला होता. शहाऐंशी साली सुट्टीवर येताना त्याने परदेशातून शीड लावलेली एक लांब फळी आणली आणि परत जाताना ती माझ्या गळ्यात मारली. या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात, एवढं सांगून गेला. तोवर रत्नागिरीत मला हा शब्द कुणी ऐकवला असता, तर मी ते खोकल्याचं औषध समजलो असतो.

मे महिन्यात दर रविवारी मी फळी घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर जायचो. दुपारी खारा वारा भन्नाट सुटायचा. मी फळीवर उभा राहून शिडाचा दांडा छातीशी घट्ट ओढायचो आणि पुढच्याच झोताला शिडासकट पाण्यात आपटायचो. मग वाऱ्याला शिव्या घालायचो.

बायको सुरूच्या सावलीत फणसाच्या आठळ्या सोलत बसायची. तिच्या वडिलांचा शिडाचा मचवा होता, लहानपणी ती त्यातच खेळलेली. तीन रविवार तिने माझं आपटणं पाहिलं. चौथ्या रविवारी गुडघाभर पाण्यात येऊन म्हणाली, "अहो, भांडताय कशाला त्याच्याशी? झोत आला की मागचा हात जरा सैल सोडा. जोर ओसरला की हळूच ओढून घ्या. घरी मी तेच करते."

तसं केलं आणि फळी सुसाट निघाली. पायाखाली पाणी सळसळत होतं, मी आनंदाने ओरडत होतो. तिचं शेवटचं वाक्य डोक्यात शिरलं तेव्हा मी बराच आत गेलो होतो. जाब विचारायला गर्रकन मागे वळलो आणि धपकन पाण्यात पडलो.