तीनचाकीचे दोन दिवे

उसाचं पाचट जळल्याचा वास आला की मला अंथुर्णे गावाची ती संध्याकाळ आठवते आणि हसू येतं. माझी सायकल तीनचाकी, आरामखुर्चीत रेलल्यासारखं पाय पुढं पसरून चालवायची. माझं डोकं ट्रॅक्टरच्या चाकापेक्षाही खाली. अंधारात उसाच्या ट्रॉलीखाली जाऊ नये म्हणून बारामतीच्या दुकानदारानं बराच खल करून पुढं दोन पिवळे दिवे बसवले. “एकच लावला तर मोटरसायकल वाटंल, साहेब. दोन लावा, रुंदी कळती.” मला ते अगदी पटलं. त्याच दिवशी बारामतीहून परतताना अंथुर्ण्याजवळ अंधार पडला, वीज गेलेली, दोन्हीकडं उंच ऊस, आणि मी माझ्या दिव्यांवर बेहद्द खूश. तेवढ्यात समोरून आरोळी आली, “बिबट्या! डोळं बघा त्याचं, डोळं!” काठ्या आणि पेटतं पाचट घेऊन अर्धा गाव माझ्यावर धावून आला. पळायचं तर आधी उठायला हवं, आणि त्या खुर्चीतून मला कुणी हात दिल्याशिवाय उठता येत नाही. मी पडल्या पडल्या ओरडलो, “मारू नका, मी माणूस हाय!” सर्वात पुढच्या आजीबाईंनी उगारलेली काठी तशीच ठेवून विचारलं, “माणूस हायस तर रस्त्यानं झोपून का येतुयास?” मी उठवून घ्यायला त्यांच्यापुढं हात केला. आता मी उंच काठीवर लाल दिवा लावलाय. तरी ऊस दाट झाला की मोठ्यानं गाऊ लागतो. माझा गळा भयंकर आहे, पण माणसाचाच आहे, एवढं लांबूनही कळतं.