जहाजासाठी लग्न

माझी मोठी बहीण आलापल्लीत एका माणसाबरोबर लग्नाशिवाय राहत होती. चामोर्शीच्या आमच्या घरात ही गोष्ट कोणी तोंडातून काढत नसे. ती कुठे असते असं कोणी विचारलंच, तर आई "तिकडं, जंगलाकडं" म्हणे आणि धानाचा नाहीतर पाण्यापावसाचा विषय काढी.

बहिणीचं लग्न ती परकरात असताना झालं होतं. सासर धड पाहायच्या आधीच ती विधवा झाली. पुढे वडिलांनी तिला आलापल्लीला आत्याकडे ठेवलं. तिथल्या आरागिरणीत एक मिस्त्री होता. सिरोंच्याकडचा, तेलुगू बोलणारा, दुसऱ्या जातीचा. एका दुपारी बहीण आत्याच्या घरून निघाली आणि त्याच्या घरी गेली. परत आली नाही.

मी शिकून मास्तरीण झाले आणि मला शाळा मिळाली तीही आलापल्लीची. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. आत्या आता राहिली नव्हती. एकट्या पोरीनं परगावी राहायचं कुठे? दोन दिवसांनी वडीलच म्हणाले, "बहिणीकडेच जा." तोवर तिच्या त्या घराला बरीच वर्षं झाली होती.

गिरणीच्या मागे दोन खोल्यांचं कौलारू घर. भिंतींवर, मडक्यांवर, आमच्या केसांत, सगळीकडे सागाचा भुसा. भाऊजी कामावरून आले की अंगणात अंग झटकून, पाय धुऊन मगच आत येत. मी त्यांना पहिल्या दिवसापासून भाऊजीच म्हटलं. दुसरं काय म्हणणार? गावातले पुरुष पाण्याच्या घागरीला हात लावत नसत, भाऊजी मात्र उजाडायच्या आत विहिरीवरून दोन घागरी आणून ठेवत. कारण बहिणीला विहिरीवर सगळ्या बायका आटोपेपर्यंत थांबावं लागे. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे. विधवा म्हणून नसे की मिस्त्रीनं ठेवलेली म्हणून, हे त्या बायकांनाही सांगता आलं नसतं.

बहीण-भाऊजींना एक मूल झालं होतं, मी यायच्या आधी. जन्मलं ते गेलेलंच. भाऊजींनी स्वतः खड्डा करून गिरणीपलीकडे पुरलं. त्यानंतर बहिणीनं त्यांना विचारलं होतं, आता तरी लग्न करू या. ते म्हणाले होते, "माय हाये तवर नाई. तिले सहन नाई व्हायचं."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. मायच्या आड कोण येते?" बहीण म्हणाली. दर संक्रांतीला ती लाकडाच्या ट्रकवाल्याबरोबर सिरोंच्याला त्या न पाहिलेल्या सासूसाठी तिळाचे लाडू पाठवी. तिकडून कधी काही आलं नाही, आणि तिची तशी अपेक्षाही नव्हती.

त्या वर्षी मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत भाऊजी एकदा भर दुपारी, भुसा न झटकताच घरात आले. चेहरा उजळलेला. अंदमानात सरकारी आरागिरणीला जाणता मिस्त्री हवा होता आणि साहेबांनी यांचं नाव सुचवलं होतं. कायमची नोकरी, राहायला घर.

"आपण लग्न करून टाकू," ते म्हणाले.

बहीण सुपात मोहफुलं निवडत होती. तिचा हात थांबला. इतक्या वर्षांनी तिला ते शब्द ऐकू आले होते. तिच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं, आणि पुढच्याच वाक्यानं ते गेलं, तेही पाहिलं.

"बिनालग्नाच्या बाईले जहाजावर घेत नाई म्हंते. चांद्याच्या कचेरीत नव्या कायद्यानं होते. जातबीत कोणी इचारत नाई."

"अन् माय?"

"मायचं पाहून घेऊ."

ती पुन्हा फुलं निवडू लागली. "चहा ठेवतो," एवढंच म्हणाली.

मला मात्र आनंद झाला होता. माझ्या लग्नाची बोलणी बहिणीच्या नावापाशी येऊन अडत, म्हणून असेल. पण तेवढंच नव्हतं. कायद्याचा कागद बाईला आधार देतो असं मला मनापासून वाटे. संध्याकाळी चुलीपाशी मी तिला तेच सांगत बसले. उद्या भाऊजींना काही झालं तर तुझं कोण? इथे तुला काय काय म्हणतात, तिथे तू सरळ मिस्त्रीची बायको.

"समजते मले," ती म्हणाली. "पोरगं गेलं तवा मी मागतलं, तवा नाई झालं. आता जहाज आलं त होते. मह्यासाठी नाई केलं यानं. जहाजासाठी करून राह्यला."

भाऊजी दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"एकट्या माणसाले बी घेतेत तिथी! एकट्यालेच जायचं असतं त लग्न कायले मागतलं असतं मी? तुह्यासाठीच त मागून राह्यलो!"

ते खरं होतं. बहिणीचंही खरं होतं. मी मधे बसून भाताकडे पाहत राहिले. काही दिवस ते दोघं माझ्यामार्फत बोलत. "त्यायले म्हण, जेवण वाढलं." "तिले सांगा, पाणी भरलं." घागरी मात्र रोज भरलेल्या असत.

मग एका रविवारी बहिणीनं आपणहून सांगितलं, "करतो मी लग्न. पण आधी तुमच्या मायपाशी चला. तिच्यासमोर सांगा. चोरून नाई करत मी." भाऊजी आज नको, पुढं पाहू, रस्ता खराब आहे, असं काहीबाही म्हणाले. ती हटली नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. बहिणीनं मलाही सोबत घेतलं आणि आम्ही तिघं लाकडाच्या ट्रकमधून सिरोंच्याला निघालो. वाटभर बहीण लुगड्याचा पदर पुन्हा पुन्हा नीट करत होती. शिव्या खायची तयारी तिनं केली होती. मला म्हणाली, "म्हातारी बोलली त तू मधात पडू नको."

म्हातारी अंगणात मिरच्या वाळवत होती. बारीक, काळीसावळी, डोळे अजून तेज. भाऊजींनी तेलुगूत काही सुरू केलं, खाली पाहत, अडखळत. त्यांचं बोलणं संपायच्या आत तिनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि बहिणीकडे वळली. बाजारात बोलायची तशी मोडकी मराठी होती तिची.

"तीळ येत होते. तू काऊन नाई येत होती?"

बहिणीनं पदर पुन्हा सावरला.

"ट्रकवाले सांगत होते, तुह्या पोराच्या घरी बाई हाये, चांगली हाये म्हणून. मी वाट पाहून राह्यली. हा येते, दोन दिस राह्यते, जाते. सांगत काई नाई. मंग मी कशी इचारू?"

"तुम्ही नाई म्हणलं होतं ना," बहीण कशीबशी म्हणाली. "लग्नाले."

"मी?" म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. "मले इचारलंच कोणं?"

भाऊजी मिरच्यांकडे पाहत होते.

म्हातारी आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून एक हिरवं लुगडं घेऊन आली. सुनेसाठी म्हणून तिनं कधीचं घेऊन ठेवलं होतं. बहिणीच्या अंगावर घालायला तिनं ते उलगडलं तर घडीघडीवर विरलेलं. हात लावला तिथे फाटत गेलं. म्हातारी ओशाळून पुन्हा घडी घालू लागली. बहिणीनं ते तिच्या हातून घेतलं, तसंच फाटकं अंगाभोवती घेतलं आणि तिच्या पायाशी वाकली. मला तिथे उभं राहवेना. मी नदीच्या बाजूला निघून गेले.

परतताना ट्रकमध्ये, जंगल दाट व्हायला लागलं तेव्हा बहिणीनं विचारलं, "काऊन?"

भाऊजी म्हणाले, "भेव लागत होतं."

"मायचं?"

"नाई." ते थांबले. "कोणाचं ते मले बी नाई समजलं आजवर. जातीचं असन. लोकायचं असन. मायचं नाव घेतलं का तू गप बसत होती. सोपं होतं ते."

त्यांनी खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला त्या वेळी वाटलं. बहिणीनं मान फिरवली.

तिनं लग्न मोडलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. पण तिनं मोडलं नाही. चांद्याच्या कचेरीत नोटीस लागली, दिवस भरले, आणि एका दमट सकाळी दोघांनी सह्या केल्या. भाऊजींनी तेलुगूत, बहिणीनं मी शिकवलेल्या वाकड्या अक्षरांत. साक्षीदार म्हणून मी होते, भाऊजींचे गिरणीतले दोन सोबती होते. वडील आले नाहीत. आई आली, पण कचेरीच्या बाहेर झाडाखाली बसून राहिली. बाहेर आल्यावर भाऊजींनी खिशातून काळ्या मण्यांची पोत काढली. "बांधू?" त्यांनी विचारलं. बहिणीनं मान पुढे केली, पण डोळे मिटून घेतले.

बल्लारशाहला मद्रासच्या गाडीत मी त्यांना बसवलं. तिथून पुढे जहाज. म्हातारीला सोबत न्यायला भाऊजी तयार होते, तीच म्हणाली, समुद्रापार मरायचं नाही मला.

पुढे काही वर्षांनी आई अंथरुणाला खिळली तेव्हा बहीण एकटीच चामोर्शीला आली. अंगानं भरली होती, सावळी झाली होती. ज्या बायका तिचं नाव घेत नसत त्या हळदीकुंकवाला बोलावून गेल्या, आणि ती गेलीही. माझं लग्न तोवर झालं होतं. बोलणी आता कुठे अडली नव्हती. एका दुपारी आईचे पाय चेपताना मी बहिणीला विचारलं, "बरं चाललंय ना तुझं?"

"चांगलं चाललंय. घर हाये, अंगणात नारळ हाये. मानानं वागवतेत. पाणी अजून तेच भरतेत." ती जरा थांबली. "पण त्या ट्रकातून उतरली तवापासून मी त्यायले काईच मागतलं नाई."

"काहीच नाही?"

"काईच नाई. ते इचारतेत, बजारातून काय आणू, तुले काय पायजे. मी म्हंतो, तुमाले वाटंन ते. कधी साखर आणतेत, कधी लुगडं. आणलं का मह्या तोंडाकडे पाह्यतेत."

"सांगून टाक ना गं एकदा काहीतरी."

"येत नाई," ती म्हणाली. "लई वेळा तोंडाशी येते. येत नाई."

लग्न कर म्हणून तिच्या मागे लागणाऱ्यांत मी होते. मी सांगितलेलं सगळं खरं ठरलं. घर मिळालं, नाव मिळालं, हळदीकुंकू मिळालं. मी आईचे पाय चेपत राहिले. आई झोपेतून जागी झाली, पाणी मागू लागली, आणि बहीण उठली.