कासवाचा बंदोबस्त

आमचं कासव पळून गेलं. हे सांगितलं की लोक आधी कासवाला हसतात, मग माझ्याकडे बघून जास्त हसतात.

कासव आईचं. आई गेल्या वर्षी गेली आणि तेव्हापासून वडील, म्हणजे आबा, जे काही बोलायचे ते त्या कासवाशीच. सकाळी अंगणात खुर्ची टाकून त्याला पालक भरवायचा आणि गुडघ्याचं दुखणं, माझ्याबद्दलच्या तक्रारी, सगळं त्याच्या कानावर घालायचं. (माझ्या तक्रारी आल्या की ते मान जरा जास्तच बाहेर काढायचं, मी पाहिलंय.)

मग आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्याला ठरलं. बहीण तिथंच देवपूर भागात राहते, तिच्याकडे आठवडाभर मुक्काम. कासवाला एकटं टाकून येणार नाही म्हणून आबा अडून बसले. मी छाती काढून म्हणालो, "आबा, बंदोबस्त माझ्याकडे लागला."

मी बांधकाम खात्यात कारकून. आयुष्यात वीट हलवली ती फक्त कागदावर. पण त्या दिवशी अंगात काय संचारलं कोण जाणे! आईच्या रिकाम्या वाफ्याभोवती चार थरांची भिंत घातली, तरी विटा उरल्याच. मांजर येईल म्हणून वर जाळी टाकली. कुत्रं जाळी ओढेल म्हणून ती तारेनं आवळली. माकडं तार सोडतील म्हणून वर फरशीचे तुकडे ठेवले. (जळगावात आमच्या कॉलनीत माकडं नाहीत, पण येणारच नाहीत कशावरून?) सावलीला आत एक फुटकं मडकं पालथं घातलं. आणि आमच्याकडचं ऊन म्हणजे जीव घेणारं, म्हणून मातीत पाणी सोडसोडून ती लोण्यासारखी मऊ केली. जाळीतून पालक टाकायचं आणि पाणी शिंपडायचं काम शेजारच्या नानांना दिलं.

देवपूरला आबा काळा चष्मा लावून बसायचे आणि रोज सकाळी मला नानांना फोन लावायला सांगायचे.

"नाना, शे का?"

"शे ना आबा. मडकाखाल झोपेल शे. बठ्ठं बरं शे."

आहे, मडक्याखाली झोपलंय, सगळं बरं आहे, एवढं ऐकल्यावरच आबा चहाला हात लावायचे. मी बहिणीसमोर कॉलर ताठ करून फिरत होतो.

घरी परतलो तर आबा चप्पल न काढताच कुंपणाकडे गेले. माझी तार मलाच सुटेना, शेवटी नानांनी पक्कड आणली. आत पालकाचा वाळून चुरा झाला होता. आबांनी मडकं उचललं. खाली भोक! ते भिंतीखालून थेट रस्त्याच्या बाजूला निघालं होतं. नानांचं म्हणणं, मडकं रोज जागेवर होतं, आणि त्यांनी मडकंच बघितलं. त्यांना काय बोलणार? वरून येणाऱ्या प्रत्येक शत्रूचा विचार मी केला होता आणि खालची माती कासवासाठी स्वतःच्या हातानं भिजवून ठेवली होती.

गटारं धुंडाळली, रिकामे प्लॉट पालथे घातले, दारोदार विचारलं. "कासव? पळालं?" असं विचारून लोक दार लावून घ्यायचे आणि आतून हसू ऐकू यायचं. कासव काही सापडलं नाही.

आबा रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. पालकाचा चुरा त्यांनी गोळा केला. मी म्हणालो, "आबा, आईची तेवढीच एक आठवण होती. चुकलं माझं."

आबांनी भिंतीला हात लावून ती हलवून पाहिली. हलली नाही.

"भिंत चांगली बांधलीस," ते म्हणाले. "पण त्या उरलेल्या विटा आजच कुणाला तरी देऊन टाक. नाहीतर उद्या माझी काळजी घ्यायला लागशील."