तिसऱ्यांदा वाढवलेली मुदत

काल परत आलेल्या एका पुस्तकात खुणेला ठेवलेलं केळीच्या खोडाचं वाळकं सोपट सापडलं, आणि वसईच्या आमच्या वाचनालयात संगणक नवा आला होता ते दिवस आठवले. सांडोरला केळीची वाडी असलेले एक काका आजारी बायकोसाठी नेलेल्या कादंबरीची मुदत फोनवरून वाढवून घेत. पूर्वी मी वहीत नुसती पेनानं नवी तारीख टाकायचे. संगणक मात्र तिसऱ्यांदा मुदत वाढवायला पुस्तक समोर आणल्याशिवाय ऐकेना. “बाई, तिला सोडून कसा येऊ? थोडीच पानं राहिलीत तिची,” काका म्हणाले. “नियम आहे, काका,” मी म्हटलं. ते भर उन्हात सायकल मारत आले, खुणेला असंच सोपट घातलेलं पुस्तक दाखवलं, मुदत वाढवून घेतली आणि उलट माझेच आभार मानून गेले. चार दिवसांनी पुस्तक घेऊन परत दारात. “झालं वाटतं वाचून?” मी हसून विचारलं. “मी इथं आलो होतो ना, तेव्हाच गेली ती,” ते म्हणाले, आणि सोपट होतं त्याच पानात राहू देऊन पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. आता सभासद घरबसल्या मोबाइलवर मुदत वाढवतात, सगळे कौतुक करतात. पण पेन तेव्हाही माझ्या हातात होतंच.