मुकादम आत जाऊन येतो

आमचा मित्र मुकादम कुठल्याही हॉटेलात शिरला की टेबलाकडे जात नसे, सरळ भटारखान्यात जाई. मी आणि सुध्या बाहेर पाणी पीत बसायचो आणि आतून भांडी पडल्याचे आवाज ऐकायचो. मुलुंडच्या एका कारखान्यात तो बल्ब पेटतात की नाही हे तपासायचा. ती सवय रविवारीही सुटत नसे. "रांधतात तिथे न बघता घास घेणं म्हणजे आंधळी कोशिंबीर रे," असं म्हणायचा. भांडुपच्या एका उडुप्याने तर त्याला म्युनिसिपालिटीचा माणूस समजून सगळे आचारी ओळीने उभे केले. दुसरा कुणी गडबडून बाहेर आला असता. मुकादमाने प्रत्येकाची नखं पाहिली आणि एकाला ती कापायला घरी पाठवलं. त्या दिवशी आम्हाला डोसा मिळाला नाही, कारण डोसे घालणारा तोच होता.

हे हॉटेलापुरतं असतं तर प्रश्न नव्हता. पण दोन ठिकाणी मुलगी बघायला गेला असताना, पोहे समोर आल्यावर "एक मिनिट हं" म्हणून हा उठून थेट त्यांच्या स्वयंपाकघरात गेला होता. दोन्हीकडून नकार. मग घाटकोपरचं स्थळ आलं, तेव्हा त्याच्या आईने मला गाठलं. त्या मालवणकडच्या. म्हणाल्या, "रे झिला, आज तरी तेका आत जावक देव नको. ह्यां स्थळ गेलां तर चौथां येवचां नाय."

मी छातीला हात लावून शब्द दिला. योजना साधी होती. पोट भरलेल्या माणसाला परक्याच्या स्वयंपाकघरात काय रस? तेव्हा सकाळपासून खाऊ घालत घालत त्याला घाटकोपरपर्यंत न्यायचा. सुध्या म्हणाला, "झकास!" खाण्याच्या कुठल्याही योजनेला सुध्या झकासच म्हणतो, हे मी विचारात घ्यायला हवं होतं.

मुलुंडला मिसळ झाली, भांडुपला भजी, विक्रोळीला उसळपाव. प्रत्येक ठिकाणी मुकादम आत जाऊन आला आणि समाधानाने जेवला. अडचण एकच. तो एकटा खाईना. "तू का नाही खात? काहीतरी गडबड आहे इथे," म्हणून लगेच चमचा खाली ठेवी. त्यामुळे त्याच्या घासाला माझा घास. घाटकोपरला फाफडा आणि वर फालुदा झाला, तेव्हा मुकादम कसा तृप्त, शांत दिसत होता. मला मात्र वाकता येत नव्हतं. मुलीच्या दारात माझ्या बुटांच्या नाड्या सुध्याने सोडल्या.

मुलगी आली, पोह्यांच्या बशा ठेवून आत गेली. मुकादम जागचा हलला नाही. तिच्या वडिलांनी बल्बांची चौकशी केली, त्याने नीट उत्तरं दिली. मी मनातल्या मनात त्याच्या आईला पेढे भरवत होतो. तेवढ्यात मुलीची मावशी मला म्हणाली, "अहो, तुम्ही घेत नाही?" आणि तिने बशी माझ्या नाकाखाली धरली.

पोटातला फालुदा उठून उभा राहिला. तोंडावर हात दाबून मी "मोरी?" एवढंच म्हटलं आणि दिसेल तो पडदा सारून धावलो.

ते स्वयंपाकघर होतं. मुलगी पदर खोचून ओट्यापाशी उभी होती आणि थेट कढईतूनच पोहे खात होती. माझ्या मागोमाग मला धरायला मुकादम आत आला. ज्याला अडवायचं, त्याला मीच वाट दाखवली होती. म्हणजे वाट लागली होती.

"काय झालं यांना?" तिने विचारलं.

"मिसळ, भजी, उसळपाव, फाफडा, फालुदा," मुकादम म्हणाला.

"एका दिवसात? मला इथे सकाळपासून साडी नेसवून उपाशी बसवलंय, आणि तुम्ही गावभर खात फिरताय!" असं म्हणत तिने माझ्या हातावर ओवा ठेवला.

मुकादमाचं लक्ष नव्हतं. तो खाली बसून ओट्याखाली डोकं घालत होता. मी डोळे मिटून घेतले.

"झुरळं नाहीत," तळातून आवाज आला.

"असतील कुठून? कालच मारली. तुम्ही येणार म्हणून."

मुकादम सावकाश उभा राहिला. इतक्या वर्षांत एवढं सरळ उत्तर त्याला कुठल्याच भटारखान्यात मिळालं नव्हतं. पहिल्या झटक्यात पेटलेल्या बल्बकडे बघावं तसा तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ही कढई तुम्ही एकट्याच संपवणार?"

"अर्धी घ्या," ती म्हणाली आणि तिने दुसरा चमचा काढला.

लग्न झालं. दोघं चारकोपला राहायला गेली. आता रविवारी जोडीने हॉटेलं पालथी घालतात आणि आतही दोघं मिळून जातात म्हणे. मला बोलावत नाहीत. "तुला झेपत नाही रे," असं मुकादमाचं मत. सुध्या नोकरीसाठी दुबईला गेला.

मध्यंतरी एका रविवारी मी एकटाच आमच्या नेहमीच्या हॉटेलात गेलो. मालकाने माझ्या पाठीमागे दाराकडे दोनदा बघितलं.

"ते तुमचे... ते नाही आले?"

"त्यांचं लग्न झालं."

"बरं झालं हो!" म्हणून त्याने खुर्चीत अंग सोडलं आणि आत ओरडला, "चालू दे रे आरामात!"

मिसळ आली. तर्रीवर एक लांब केस तरंगत होता. मुकादमाच्या लग्नात आलं नव्हतं, तेवढं मला तेव्हा भरून आलं.