चाळीसला दोन कमी

कडबाकुट्टीच्या यंत्रात माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि तिसरं वळेनासं झालं, तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. डिग्री मिळाली, नोकरी मिळेना. मुलाखतीला गेलं की समोरच्याची नजर आधी हाताकडे जायची आणि मग तो "कळवतो" म्हणायचा. ती माणसं अजून कळवतायत.

मग शिवाजी पेठेतल्या एका संस्थेचा कोर्स कळला. दिव्यांगांना टॅली आणि ऑफिसचं काम शिकवायचे, सहा महिने राहणं-खाणं फुकट, शेवटी एमआयडीसीत मुलाखती. अट एकच, सरकारी दवाखान्याचा दाखला, किमान चाळीस टक्क्यांचा. माझा दाखला अजून यायचा होता, म्हणून महिनाभराच्या बोलीवर मला वर्गात बसू दिलं. महिन्यात कागद आला नाही तर जागा दुसऱ्याला, आणि मी परत मलकापूरकडच्या आमच्या वाडीत, म्हशींच्या दिमतीला.

वर्गातल्या मॅडम पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकून घेत होत्या. "काय येत नाही ते सांगायचं नाही. काय येतं ते सांगायचं आणि करून दाखवायचं." मी मन लावून शिकले. अंगठा आणि करंगळीत पेन धरायला शिकले, फाईल उचलायला शिकले, हात ओढणीत न लपवता टेबलावर ठेवायला शिकले.

तपासणीच्या दिवशी आबा पहिल्या एसटीने आले. आमचे आबा असे, की घरात सगळे तापाने फणफणले असले तरी पावण्याला "झकास हाय" सांगणार. डॉक्टरांनी आपली दोन बोटं पुढे केली आणि दाबायला सांगितली. मी दात-ओठ खाऊन दाबली. "घरची कामं जमतात का?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "समदं करती की. घागर उचलती, म्हशीची धार काढती. काय धाड भरलीया तिला?"

अपघातानंतर मी एकदाच धार काढायला बसले होते, आणि म्हैस उठून निघून गेली होती. पण मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

दाखल्यावर अडतीस टक्के आले. शाळेत पस्तिसाला पास करतात, इथे मी अडतीसला नापास. आबा मात्र खूश. स्टँडवर त्यांनी मला भजी घेऊन दिली. "अडतीसच की. निम्म्याच्या बी खाली हाय," ते म्हणाले. जागा जाणार हे मी समजावून सांगितल्यावर त्यांचा हात भज्यांवरच थांबला.

"म्हंजे जास्त मोडकं दावायला पायजे हुतं?"

"दाखवायचं नाही आबा, खरं सांगायचं."

"मग खोटं कुनी सांगितलं? तू दाबलंस ते खरंच दाबलंस न्हवं?"

खरंच दाबलं होतं. मॅडमना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, तिथे तसं नाही सांगायचं." मग कसं, विचारलं तर त्याही घोटाळल्या. आठवडाभर माझ्या डोक्याचा भुगा झाला. वर्गात मला सगळं येत होतं, दवाखान्यात काही यायला नको होतं, आणि हात तर एकच होता. मला नेमकं काय येतं, हे माझं मलाच कळेनासं झालं.

फेरतपासणीचा अर्ज केला आणि महिना संपायच्या तीन दिवस आधी नंबर लागला. या वेळी डॉक्टरीणबाई होत्या. "मामा, तुम्ही दाराशी थांबा," असं त्यांनी आबांना आधीच बजावलं. मग मला विचारलं, "काय काय जमत नाही?" मी सगळं पाठ करून आले होते. तरी तोंडातून आलं, "जमतं तसं सगळं. थोडं हळू जमतं." बाई लिहायला लागल्या. जागा गेली हे मला दिसत होतं.

"मॅडम, मागल्या टायमाला मी थापा मारल्या," आबा दारातून म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. "धार तिला काढता येत न्हाय. वेणी तिची आई घालती. भाकरी थापाय बसती आन् पीठ तसंच झाकून उठती. नाडीची गाठ दातानं सोडती. आन् जेवताना आमच्याकडं पाठ करून बसती, घास सांडतोय म्हून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टीव्ही नीट दिसावा म्हणून तिकडे तोंड करते, असं मी घरात सांगितलं होतं. दोन वर्षं ते सगळ्यांना पटलंय, अशी माझी समजूत होती.

बाईंनी हात पुन्हा हातात घेतला, एकेक सांधा वाकवून मोजला. दाखल्यावर चव्वेचाळीस आले. माझी जागा राहिली. आनंद व्हायला हवा होता, पण मला आबांचा भयंकर राग आला होता आणि तो कशाचा ते सांगता येत नव्हतं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "एवढं सगळं माहीत होतं, तर घरात कधी बोलला का नाही?"

आबांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली.

"तू टीव्ही बघती म्हनालीस," ते म्हणाले, "म्हून आमीबी टीव्हीच बघत बसलो."